मिरजेचे डॉक्टर वानलेस आणि त्यांचे घर



ऑक्टोबर महिना आपण जपमाळेचा महिना म्हणून पाळतो. याच महिन्यात १८ तारखेला शुभवर्तमानकार संत लूक यांचा सण येतो आणि त्याच सुमारास मिशन रविवारही येतो. संत लूक वैद्य होते असे परंपरा सांगते. वैद्य आणि मिशन हे दोन्ही शब्द एकत्र आले की आपल्या सांगली-साताऱ्याच्या माणसाला एकच गाव आठवते, मिरज. आजही कडेगावात किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कोणाचे दुखणे हाताबाहेर गेले, तर घरातले जाणते माणूस पेशंटला मिरजेला न्यायला सांगते. मिरज म्हणजे दवाखाना, हे समीकरण लोकांच्या बोलण्यात इतके मुरले आहे की ते कोणी सुरू केले हे विचारायचे कोणाला सुचत नाही. ते ज्या माणसाने सुरू केले त्या डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांच्याविषयी आणि त्यांच्या कुटुंबाविषयी या अंकात लिहावे असे आम्हाला वाटले.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, वानलेस कॅथलिक नव्हते. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे, म्हणजे प्रॉटेस्टंट मिशनरी होते. आपल्यातल्या काही ज्येष्ठांना पूर्वीचे दिवस आठवत असतील. तेव्हा त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या पायऱ्या चढणे आपल्याकडे बरे समजले जात नसे आणि त्यांच्याकडेही आपल्याविषयी फारसे चांगले बोलले जात नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्यावरील आपला दस्तऐवज काढला आणि विभक्त बंधूंमध्ये दिसणारी देवाची कृपा मोकळेपणाने मान्य करायला शिकवले. ही शिकवण कागदावर राहू नये म्हणूनही हा लेख.

वानलेस यांचा जन्म १८६५ सालचा, कॅनडातील ओंटारिओ प्रांतातला. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. न्यूयॉर्कला त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८८९ साली पदवी मिळवली. त्या काळात अमेरिकेतील महाविद्यालयांतून परदेशी मिशनकार्यासाठी तरुण मुलेमुली नावे नोंदवत होती. १८८६ नंतर ही विद्यार्थी चळवळ फार जोरात पसरली. तिच्या आरंभीच्या प्रमुखांपैकी एक, रॉबर्ट वाइल्डर, हे जन्माने चक्क कोल्हापूरचे! त्यांचे वडील रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले होते. म्हणजे कोल्हापुरात वाढलेल्या मुलाने अमेरिकेत जाऊन हाक दिली आणि तिकडचे तरुण इकडे यायला निघाले.

पदवी मिळाली त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, विल्यम यांचे मेरी एलिझाबेथ मार्शल यांच्याशी लग्न झाले. मेरी परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या होत्या. लग्नानंतर थोड्याच काळात दोघे बोटीत बसले. डॉक्टरांचे वय तेव्हा चोवीस होते. त्या काळी हिंदुस्थानात जाणाऱ्या माणसाला घरी परतायला सात-आठ वर्षे लागत, आणि कित्येक जण परतत नसत, हे बंदरावर निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

ते उतरले ते मुंबईपुण्याला काम करण्यासाठी नव्हे, तर सांगलीला राहण्यासाठी. त्या वेळचा आपला मुलूख कसा होता ते थोडे आठवावे लागेल. आपले कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, इंग्रजांच्या अमलाखाली. खाली कुंडलचा भाग औंध संस्थानाचा. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने. एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर माणूस दोन-तीन राज्यांतून जाई. या साऱ्या टापूत पाश्चात्य पद्धतीने शिकलेला डॉक्टर म्हणजे दुर्मीळ गोष्ट. कोल्हापुरात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या तेव्हा त्याच हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण ते काम हाती घेण्याआधीच क्षयाने १८८७ साली त्यांचा अंत झाला. खेडेगावात मात्र वैदू, हकीम, सुईण आणि देवऋषी यांच्यापलीकडे कोणी नव्हते. मोतीबिंदू झाला तर फिरते लोक येत आणि सुईने डोळ्यातला पांढरा झालेला भिंगासारखा भाग आत मागे ढकलून देत. माणसाला त्या क्षणी दिसू लागे, तो आनंदाने पैसे देई, सुईवाला पुढच्या गावी जाई, आणि नंतर कित्येकांचा डोळा सुजून कायमचा जाई. वानलेस यांनी शिकलेल्या शस्त्रक्रियेत तो गढूळ भाग डोळ्यातून बाहेर काढून टाकत. हत्यारे निर्जंतुक करणे, हात धुणे, जखम स्वच्छ ठेवणे ही विद्या तेव्हा युरोप-अमेरिकेतही नवीनच होती. ती या तरुणाने सांगलीसारख्या ठिकाणी आणली.

सांगलीत त्यांनी छोटा दवाखाना चालवला. १८९२ साली ते मिरजेला आले. मिरजेची निवड शहाणपणाची होती असे आम्हाला वाटते. रेल्वे नुकतीच आली होती. पुण्याकडून येणारा रस्ता दक्षिणेकडे जाता जाता मिरजेहून कोल्हापूरला फुटत होता, म्हणजे मिरज जंक्शन झाले होते. आपल्या भागातल्या पेशंटने ताकारीपर्यंत किंवा कुंडल रोडपर्यंत (आजचे किर्लोस्करवाडी) बैलगाडीने जायचे आणि पुढे गाडीत बसायचे, की तो मिरजेला पोहोचला. पुढे १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडीही पंढरपूरकडून मिरजेपर्यंत आली आणि माणदेशातील, सोलापूरकडील पेशंट येऊ लागले. डॉक्टर कितीही मोठा असो, पेशंट त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. वानलेस यांनी ही साधी गोष्ट ओळखली.

१८९४ साली मिरजेत हॉस्पिटलची इमारत उभी राहिली. तिच्यासाठी मोठी देणगी दिली ती फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे भागीदार होते. इंजिनाच्या पैशातून रेल्वेच्या जंक्शनवर दवाखाना, हा योगायोग आम्हाला फार आवडतो. संस्थानिकांचेही सहकार्य मिळाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे वानलेस यांच्याशी स्नेहाचे संबंध होते. लोक त्याला मिशन दवाखाना म्हणू लागले, आणि कागदोपत्री नाव काहीही असले तरी म्हातारी माणसे आजही तेच नाव घेतात.

त्यानंतरची वर्षे म्हणजे एकामागून एक संकटांची वर्षे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो रेल्वेच्या मार्गाने दख्खनच्या गावागावांत शिरला. उंदीर पडू लागले की माणसे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. त्याच काळात १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन भयंकर दुष्काळ पडले. आपला खानापूर-आटपाडीकडचा भाग अवर्षणाचा, त्याला दुष्काळ काय हे वेगळे सांगायला नको. उपाशी माणसाला रोग लवकर धरतो. डॉक्टरांच्या पुढ्यात येणारी माणसे बहुतेक अशीच होती, आधी भूक आणि मग आजार. १९०० साली मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. कुष्ठरोगावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. बरे करता येत नाही अशा माणसासाठीही छप्पर, अन्न आणि जखमेवर पट्टी असावी एवढाच त्यामागचा विचार. आमच्या मते वानलेस यांच्या साऱ्या कामात ही गोष्ट सर्वांत जवळून प्रभू येशूची आठवण करून देणारी आहे. डोळ्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली की डॉक्टरचे नाव होते. कुष्ठरोग्याची जखम धुतल्याने कोणाचे नाव होत नसते.

एक अवघड गोष्टही येथे बोलली पाहिजे. त्या काळच्या मिशन दवाखान्यांत औषध देण्याआधी जमलेल्या पेशंटांपुढे मराठीतून बायबलचे वाचन आणि प्रार्थना करण्याची रीत होती. दुखणाईत माणूस औषधासाठी बसलेला आहे, उठून जाऊ शकत नाही, अशा वेळी त्याला धर्म सांगावा का? आज आम्हाला विचाराल तर आमचे उत्तर नाही असे आहे. श्रद्धा ही मोकळ्या मनाने स्वीकारायची गोष्ट आहे, आणि वेदनेत असलेल्या माणसाचे मन मोकळे नसते. पण न्याय करताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. औषध मात्र सर्वांना मिळे. ब्राह्मण, मराठा, मुसलमान, जैन, लिंगायत आणि गावकुसाबाहेरचे म्हणून ज्यांना विहिरीवर येऊ देत नसत ते, सगळे त्याच दारातून आत जात आणि त्याच टेबलावर झोपत. ज्या काळात एका पाणवठ्यावर सर्वांना पाणी मिळत नव्हते त्या काळात एका छताखाली सर्वांवर उपचार होणे, हे बोलून दाखवलेल्या प्रवचनापेक्षा मोठे प्रवचन होते. आणि मिरज हे गाव तरी कसले? मीरासाहेबांच्या दर्ग्याचे, सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचे. आपल्या कडेगावात मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. हा सारा मुलूखच शेजाऱ्याला सांभाळून घेणाऱ्यांचा आहे. वानलेस यांना त्याचा फायदाच झाला असेल.

१८९७ साली त्यांनी वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग सुरू केला. भारतातील मिशनच्या वैद्यकीय शाळांमध्ये ती पहिली मानली जाते. एकटा डॉक्टर किती पेशंट तपासणार? हात वाढले पाहिजेत, आणि ते हात इथलेच असले पाहिजेत. मराठी बोलणारी मुले शिकून खेड्यांत जाऊ लागली तेव्हा मिरजेचे काम मिरजेबाहेर पडले. इथे आम्हाला तोमा अक्विनास यांच्या शिकवणीची आठवण होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जी वस्तू स्वतः चांगली असून दुसऱ्यांनाही चांगले करण्याचे कारण होते ती केवळ स्वतः चांगली असणाऱ्या वस्तूहून श्रेष्ठ. गुरूने शिष्याला फक्त ज्ञानी न करता शिकवणारा करावे, असा दृष्टांत त्यांनी दिला आहे. सेमिनरीत हा विचार आम्ही परीक्षेसाठी पाठ केला. तो मिरजेत विटामातीचा होऊन उभा आहे हे नंतर कळले.

आता घराविषयी. हा लेख लिहायचे खरे कारण तेच आहे.

आम्ही धर्मगुरू अविवाहित राहतो. आमच्या जीवनाचा निर्णय आमचा एकट्याचा असतो. प्लेगच्या गावात जायचे ठरवले तर जाणारा एकटा, मेला तर मरणारा एकटा. विवाहित मिशनऱ्याचे तसे नसते. बोलावणे एकाला येते आणि त्याची किंमत घरातली सगळी माणसे देतात. जे पाणी पेशंट पितात त्याच गावचे पाणी बायकोमुलांना प्यावे लागते. मुले शाळेच्या वयाची झाली की त्यांना दूर कुठेतरी शिकायला पाठवावे लागते, आणि आईवडिलांची भेट वर्षांनी होते. कुटुंबासह मिशनवर जाणे हे ब्रह्मचर्यापेक्षा सोपे आहे असे आपल्याकडे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही.

मेरीबाई सतरा वर्षे या मुलखात राहिल्या. १९०६ साली त्यांना पटकी झाली, म्हणजे कॉलरा, आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. पटकीचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ कोख यांनी १८८४ च्या सुमारास दाखवून दिला होता, म्हणजे रोग पाण्यातून येतो हे डॉक्टरांना माहीत होते. उपाय मात्र हाती नव्हता. पटकीने शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात, ते परत भरून काढले तर माणूस वाचतो. शिरेतून क्षारयुक्त पाणी देण्याची परिणामकारक पद्धत कलकत्त्याला डॉ. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०८ च्या सुमारास बसवली. मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजण्याचा सोपा उपाय यायला तर १९६० चे दशक उजाडावे लागले. आज अंगणवाडीतील ताई जे पाकीट हातात देते ते १९०६ साली जगातल्या कोणत्याही डॉक्टरपाशी नव्हते. शेकडो लोकांना मरणाच्या दारातून परत आणणाऱ्या माणसाच्या घरातच हे घडले.

एखादा माणूस इथेच थांबला असता, परत गेला असता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. मिशननेही समजून घेतले असते. सतरा वर्षे काही थोडी नव्हेत. आणि आम्ही असे म्हणणार नाही की राहणे हेच बरोबर होते आणि जाणे चूक झाले असते. ईश्वर माणसाकडून त्याच्या प्रियजनांचा बळी मागतो, असली शिकवण आमच्या तोंडी कधी येऊ नये. देव पटकी पाठवत नाही. पटकी घाण पाण्याने होते. मेरीबाईंचा मृत्यू हे दुःखच होते आणि त्याला दुःखच म्हणावे. एवढेच सांगता येते की वानलेस राहिले, आणखी बावीस वर्षे. कोल्हापुरातील मिशनच्या हॉस्पिटलला पुढे मेरी वानलेस हे नाव मिळाले. ते आजही त्याच नावाने ओळखले जाते. नवऱ्याच्या नावाने हॉस्पिटले असतात, पत्नीच्या नावाने त्या काळी अशी थोडीच असतील.

पुढे वानलेस यांनी लिलियन एमरी हेवन्स यांच्याशी विवाह केला. लिलियनबाईंनीही मिरजेचे काम आपले मानले. दुसऱ्या पत्नीचे स्थान नेहमीच अवघड असते. पहिलीची आठवण गावभर, तिच्या नावाची इमारत शेजारच्या शहरात, आणि घरात मात्र रोजचा संसार चालवायचा. लिलियनबाईंनी ते कसे निभावले असेल याची कल्पना आपल्यातील अनेक भगिनी आमच्यापेक्षा चांगली करू शकतील.

१९२० साली सांगली आणि मिरज यांच्या मध्ये, मोकळ्या माळावर, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. क्षयावर तेव्हा गोळ्या नव्हत्या. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. तोपर्यंत उघडी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हेच औषध. घरच्यांनी ताट वेगळे केलेला माणूस तिथे महिनोन्महिने खाटेवर पडून राही, आणि काही जण खरोखर बरे होऊन घरी जात. त्या जागेभोवती वस्ती झाली तिलाच आपण आज वानलेसवाडी म्हणतो. सांगलीहून मिरजेला जाताना ती लागते.

डॉक्टरांना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले आणि १९२८ साली सर ही पदवी दिली. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. हॉस्पिटलची धुरा डॉ. चार्ल्स व्हेल यांच्याकडे गेली. वानलेस दांपत्य अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जाऊन राहिले आणि १९३३ साली तिथे डॉक्टरांचे निधन झाले. लिलियनबाईंनी त्यानंतर पतीचे चरित्र लिहिले. ते १९४४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यांच्यामागे मिरजेत काम वाढतच गेले. १९६२ साली सरकारने आपले वैद्यकीय महाविद्यालय काढले तेही मिरजेतच, कारण पेशंटांना आणि डॉक्टरांना त्या गावाची वाट आधीच पडलेली होती.

या सगळ्या काळात आपण कॅथलिक काय करत होतो, असा प्रश्न एखादा चौकस तरुण विचारील. विचारावाच. आपल्या व्रतस्थ भगिनी रोग्यांची सेवा शतकानुशतके करत होत्या, परंतु व्रत घेतलेल्या स्त्रीने शस्त्रक्रिया करणे किंवा बाळंतपण करणे याला ख्रिस्तसभेच्या नियमांची आडकाठी होती. परदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नसत आणि मरत. ॲग्नेस मॅक्लारेन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरबाई उतारवयात कॅथलिक झाल्या होत्या. त्यांनी रावळपिंडीला स्त्रियांसाठी हॉस्पिटल उभारायला मदत केली आणि हा नियम बदलावा म्हणून रोमला वारंवार विनंत्या केल्या. १९१३ साली त्या वारल्या, तेव्हा नियम तसाच होता. त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या ॲना डेंगेल यांनी १९२५ साली मेडिकल मिशन भगिनींचा संघ स्थापला, आणि अखेर १९३६ साली रोमने परवानगी दिली. म्हणजे मिरजेत वैद्यकीय वर्ग सुरू होऊन एकोणचाळीस वर्षे झाल्यावर. या बाबतीत विभक्त बंधू आपल्या पुढे होते. हे मान्य केल्याने आपल्या श्रद्धेला काही उणेपणा येत नाही.

जाता जाता एक सूचना. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो आणि त्यासाठी प्रत्येक घर आपापल्या मृतांच्या नावांची चिठ्ठी देते. यंदा त्या चिठ्ठ्यांत आम्ही आमच्या हाताने तीन नावे घालणार आहोत, विल्यम, मेरी आणि लिलियन. प्रेस्बिटेरियन लोक मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, त्यामुळे डॉक्टरसाहेबांना हे कदाचित आवडले नसते. पण पेशंटला न विचारता औषध पाजण्याची सवय त्यांनाही असणारच. ज्यांच्या घरातले कोणी मिरजेच्या मिशन दवाखान्यात बरे झाले असेल त्यांनी हवे तर आपल्याही चिठ्ठीत ही नावे लिहावीत. चिठ्ठ्या वेदीजवळच्या पेटीत २ नोव्हेंबरपूर्वी टाकाव्यात.

— तुमचे धर्मगुरू